पिल्लू पाहावे आईपाशी

आमच्या वऱ्हाडातला शेतकरी बैल घ्यायला निघाला, म्हणजे जरा बाजूला उभे राहून त्याच्याकडे पाहत राहावे. बाजारात तो बैलाभोवती तीन फेऱ्या घालतो, ओठ वर करून दात पाहतो, खुरांवरून हात फिरवतो, खांदा दाबतो, चार पावले चालवतो, आणि रुमालाखाली बोटे धरून भावाची बोलणी सुरू होण्यापूर्वी सहज विचारल्यासारखे विचारतो, "कोन्या गावचा? कोनाच्या दावनीचा?" बियाण्याचेही तसेच. घरचे सोयाबीन पेरण्यापूर्वी शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवायचे, आणि सत्तर उगवले तरच पेरणीला हात घालायचा. कपाशीच्या बियाण्याची रिकामी पिशवी आणि दुकानदाराची पावती तो देवाच्या अंगाऱ्यासारखी जपून ठेवतो. कारण बोगस बियाण्याने रडवलेली घरे त्याने पाहिली आहेत. आणि सोयरीक जमवायची असेल तर विचारूच नका! चौकशी थेट मुलीच्या मामाच्या गावापर्यंत जाऊन पोहोचते. 'खाण तशी माती' ही म्हण आमच्याकडे पुस्तकात राहत नाही, ओट्यावर बसून असते.

परंतु हाच चौकस माणूस मुलाच्या हट्टापायी कुत्र्याचे पिल्लू घ्यायला निघाला, की त्याची सारी चौकसबुद्धी कुठे दडी मारून बसते कोण जाणे! टोपलीतले पिल्लू डोळे मिचकावते, अंगठा चाटते, आणि बैलाचे दात पाहणारा हा गडी मुकाट्याने खिशात हात घालतो. कोण्या गावचे, कोणाच्या घरचे, आई कुठे आहे, एवढेही तो विचारत नाही. मला वाटते, बैल ही आपल्याला गरज वाटते आणि पिल्लू हा लाड वाटतो. गरजेत फसले तर गाव हसते. लाडात फसले तर कोणी काही म्हणत नाही. वास्तविक लॅब्राडोरसारखे कुत्रे दहा-बारा वर्षे आपल्या घरात राहते. त्या अवधीत शाळेतल्या पोराची मिसरूड फुटते आणि ते नोकरीच्या शोधात पुण्याला जाऊन पोहोचते. इतका दीर्घ मुक्काम करणारा पाहुणा आपण पाच मिनिटांत पसंत करतो.

हे सारे माझ्या मनात एरवी आले नसते. मला कुत्र्यांचे वेड नाही. आमच्या लहानपणी वाड्याच्या दारात एक गावठी मोत्या असे. तो कुणी विकत आणला नव्हता, तो आपण होऊन आला होता आणि आपण होऊनच घरचा झाला होता. आजही कोणी मला विचारले तर मी गावठी पिल्लाचीच शिफारस करीन. आपल्या उन्हात, आपल्या पावसात, आपल्या भाकरीवर ते निभावते, आणि त्याला घर मिळाले तर रस्त्यावरचा एक जीव कमी होतो. पण मुलांची मने शिफारशीवर चालत नाहीत. माझ्या पाचवीच्या वर्गातल्या एका संत्रेवाल्याच्या मुलाने कुठेतरी चित्रात पिवळसर लॅब्राडोर पाहिला, आणि त्याला तोच हवा झाला.

बापाने मोबाइलवर फोटो पाहिला, पैसे पाठवले, आणि मागच्या हिवाळ्यात एका रविवारी संध्याकाळी कुणा दलालाने परतवाड्याच्या बसस्थानकावर प्लॅस्टिकच्या टोपलीतून पिल्लू हवाली केले. "पंचेचाळीस दिवसांचं हाय, पेपरवालं हाय," एवढीच त्याची कुळकथा. सोमवारी मुलगा वर्गात आला तो राजा होऊन आला. मधल्या सुटीपर्यंत पिल्लाचे बारसे झाले. नावावरून दोन तट पडले आणि 'शेरू' हे नाव बहुमताने मंजूर झाले. त्याच रात्री शेरूला ओकारी सुरू झाली. मंगळवारी रक्ताची हगवण. डॉक्टरांनी सलाइन लावले, इंजेक्शने दिली, बाप दोन रात्री जागला. शुक्रवारी पहाटे पिल्लू गेले.

मुलगा पुढे चार दिवस शाळेत आला नाही. आला तेव्हा शेवटच्या बाकावर जाऊन बसला. त्या आठवड्यात मी वर्गाला 'माझा आवडता प्राणी' हा निबंध घालणार होतो. तो घातला नाही. शाळा सुटल्यावर तो माझ्या टेबलापाशी घुटमळला आणि खाली पाहत म्हणाला, "गुरुजी, मी त्याले थंडं दूध पाजलं. म्हनून मेला का तो?"

दहा वर्षांच्या पोराने हे ओझे चार दिवस एकट्याने वाहिले होते. घरात कुणाला सांगायची त्याची छाती झाली नव्हती. त्याला नुसते 'नाही रे' म्हणून भागण्यासारखे नव्हते. मुलांना आपले 'नाही रे' फार लवकर ओळखता येते. म्हणून मी त्याला घेऊन पशुवैद्यांकडे गेलो. त्यांनी मोठ्या माणसाला सांगावे तसे त्याला नीट सांगितले. हा पार्व्हो नावाचा रोग. 1978 साली तो जगाच्या ध्यानात आला आणि बघता बघता देशोदेशी पसरला. त्याचे विषाणू आजारी कुत्र्याच्या विष्ठेतून बाहेर पडतात. ते पोटात गेल्यावर रोग दिसू लागायला साधारणपणे तीन ते सात दिवस लागतात. तेव्हा मी खिशातला खडू काढला आणि त्यांच्या फरशीवरच गणित मांडले. पिल्लू घरी आले रविवारी संध्याकाळी. ओकारी झाली सोमवारी रात्री. मधे किती वेळ गेला? "एक दिवस," पोरगा म्हणाला. रोगाला कमीत कमी किती दिवस लागतात? "तीन." मग रोग शिरला तेव्हा शेरू कुठे होता? तो बराच वेळ त्या आकड्यांकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "आमच्या घरी नव्हता." इतकी वर्षे मी अंकगणित शिकवतो आहे, वजाबाकीचा एवढा उपयोग मला पूर्वी कधी झाला नव्हता.

डॉक्टरांनी आणखी एक गोष्ट सांगितली. हे विषाणू अंगणात, मातीत महिनोन्महिने, कधी वर्षभरही तग धरून राहतात. तेव्हा फरशी क्लोरीनच्या पाण्याने धुवा, आणि इतक्यात दुसरे पिल्लू आणू नका. ही सक्तीची प्रतीक्षा हा मला या प्रकरणातला एकमेव लाभ वाटतो. घाईने जे साधले नसते ते वाट पाहण्याने साधले. पोराच्या बापाने मला गळ घातली, "गुरुजी, तुमी चार पुस्तकं पायता. यावेळी संग चला." मग आम्ही तिघे, म्हणजे बाप, लेक आणि मी, सुटीच्या दिवसांत निरनिराळी घरे हिंडलो.

हिंडण्याआधी मी जे वाचले त्याने माझे डोळे उघडले. कुत्र्यांची पैदास आणि विक्री यांसाठी केंद्र सरकारने 2017 साली स्वतंत्र नियम केले आहेत, हे किती जणांना ठाऊक असेल? पैदास करणाऱ्याने राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी केली पाहिजे. आठ आठवड्यांच्या आतले पिल्लू विकता येत नाही. मादी किमान अठरा महिन्यांची झाल्याशिवाय तिची वीण घ्यायची नाही, आठ वर्षांनंतर घ्यायची नाही. वर्षात एकाहून अधिक नाही, आणि जन्मभरात पाचांहून अधिक नाही. बाप-लेक, माय-लेक, भाऊ-बहीण असल्या नात्यांत जोड लावायचा नाही. पिल्लू देताना त्याचा आहार, लसी आणि जंताचे औषध यांच्या तारखा आणि त्याला तपासणाऱ्या पशुवैद्याचे नाव हे सारे घेणाऱ्याला लिहून द्यायचे. हे वाचून मी आठ साते छप्पन्न केले आणि दलालाचे पंचेचाळीस त्यातून वजा केले. अकरा दिवस राहिले. शेरूला आईपाशी अजून अकरा दिवस राहण्याचा हक्क होता.

हे आठ आठवडे सरकारच्या लहरीने ठरलेले नाहीत. तीन-चार आठवड्यांचे झाले की पिल्लू आईच्या दुधाबरोबर मऊ अन्न चाटू लागते, आणि त्याच सुमारास त्याची शाळा सुरू होते. भावंडांशी मस्ती करताना ते जोरात चावले, की दुसरे केकाटते आणि खेळ मोडते. आईचे दात जास्त लागले, तर ती गुरगुरते आणि उठून जाते. चावा किती घ्यावा आणि कुठे थांबावे हा धडा पिल्लू असा शिकते. तो माणसाला इतक्या चांगल्या रीतीने शिकवता येत नाही. अमेरिकेत बार हार्बर येथे स्कॉट आणि फुलर या दोन शास्त्रज्ञांनी अनेक वर्षे कुत्र्यांच्या पिल्लांचा अभ्यास केला आणि 1965 साली त्यावर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. तिसऱ्या आठवड्यापासून साधारण बाराव्या आठवड्यापर्यंत पिल्लाचे मन जगाशी ओळख करून घ्यायला उघडे असते, असे त्यांना दिसून आले. तिथल्याच एका प्रयोगात काही पिल्ले चौदा आठवडे माणसाच्या सहवासाशिवाय वाढवली. ती पुढे माणसाला बुजतच राहिली. म्हणजे ज्या घरात पिल्लू जन्मते त्या घराने त्याच्या आयुष्याचा पाया आधीच घातलेला असतो. आपण पुढे भिंती बांधतो.

पहिल्या घरी आम्ही गेलो तेव्हा यजमानाने मोठ्या अगत्याने चहा दिला आणि एका खोलीतून एकामागून एक पिल्ले आणून दाखवली. लॅब्राडोर, पग, जर्मन शेफर्ड, पांढरे झुबकेदार पॉमेरेनियन. कापडाच्या दुकानात ठाण उलगडावे तसा थाट. पोराने विचारले, "काका, यायची माय कुठं हाय?" यजमान म्हणाले, "ते फार्मवर." फार्म कुठे, ते काही कळेना, कधी अमरावतीच्या पलीकडे, कधी नागपूरच्या अलीकडे. आम्ही उठलो. ज्या घरात पाच जातींची पिल्ले असतात आणि एकाही जातीची आई नसते, ते घर जन्माचे नसते, ती केवळ मधली वखार असते. शेरू अशाच कुठल्यातरी वखारीतून आला असणार.

दुसऱ्या घरी आई होती. भिंतीवर प्रदर्शनांतली पदके होती, चौकटीत बसवलेली वंशावळ होती. चेन्नईच्या केनेल क्लब ऑफ इंडियाचा तो कागद खरा होता. परंतु वंशावळीचा कागद म्हणजे कुळाचा दाखला. तो आरोग्याचा दाखला नव्हे. आपल्याकडे कुलीन घरात रोगी माणसे जन्मत नाहीत काय? लंडनला 1873 साली पहिला केनेल क्लब निघाला आणि कुत्र्यांच्या पिढ्यांची नोंद ठेवण्याची पद्धत रूढ झाली. 'शुद्ध जात' या शब्दाला आजचा कागदोपत्री अर्थ आला तो त्यानंतरचा. कागद आई-बाप कोण ते सांगतो. आईला कसे वागवले ते तो सांगत नाही. ते आईच सांगते. ती आई कोपऱ्यात पिंजऱ्यात पडून होती. बरगड्या दिसत होत्या, आचळे लोंबत होती, आणि आम्ही जवळ गेलो तरी तिने मान उचलली नाही. "वर्षाला दोन वेत देते," यजमान कौतुकाने म्हणाले. पोराचा बाप आतापर्यंत गप्प होता, त्याने माझ्या कानाशी लागून म्हटले, "गुरुजी, असं तं आमी गाईलेबी पिळत नाई." बैल पारखणाऱ्या माणसाची नजर परत आली होती. मला फार बरे वाटले.

तिसऱ्या घरासाठी आम्ही अकोल्याच्या बाजूला गेलो. मूर्तिजापूरची शकुंतला चालू असती तर पोराची आगगाडीची हौसही भागली असती. ती छोटी गाडी बंद पडल्यापासून एसटीला शरण जाण्यावाचून गत्यंतर नाही. अंजनगाव, अकोट करीत भर उन्हाळ्यात आम्ही पोहोचलो. गावाबाहेरचे साधे घर, निंबाची सावली, आणि ओसरीवर दोन कुत्री आमच्याकडे पाहत असलेली. घरधनीण पन्नाशीच्या. फाटकाशीच त्यांनी आम्हांला चपला काढायला लावल्या, पाय धुवायला पाणी दिले, आणि विचारले, "तुमच्या घरी एवढ्यात कोनतं कुत्रं आजारी पडलं होतं का?" शेरूची हकिगत ऐकून त्यांनी दाराशी ठेवलेल्या औषधी पाण्यात आमचे पाय पुन्हा धुवून घेतले. पोराचा बाप मनातून थोडा दुखावला. मला मात्र त्या क्षणीच वाटले, की आपण योग्य दारी आलो आहो.

त्यांच्याकडे तेव्हा पिल्ले नव्हतीच. होती ती आई. बाईंनी हाक मारली तशी ती उठून आली, आम्हां तिघांना क्रमाने हुंगले, आणि विचार करून आपले डोके पोराच्या गुडघ्यावर ठेवले. पोरगा हलला नाही. हात कुठे ठेवावा हेही त्याला सुचेना. बाई म्हणाल्या, "हात लाव बाबू, ते काई म्हनत नाई." जिची पिल्ले पुढे चार घरी जायची, ती आई परक्या माणसांपाशी अशी निवांत असावी, याहून मोठी हमी कुठल्या शिक्क्यात असणार?

मग बाईंनी आतून दोन क्ष-किरणांच्या फिल्मा आणल्या. एक या आईची, एक बापाची. लॅब्राडोर आणि जर्मन शेफर्ड या जातींत मागच्या पायाच्या खुब्याचा सांधा सैल असण्याचा विकार पिढीजात उतरतो. पिल्लू लहान असताना तो बहुधा ध्यानात येत नाही. पुढे ते लंगडू लागते, उठताना कण्हते, तेव्हा घरच्यांना कळते. अमेरिकेत 1966 साली यासाठी एक संस्थाच निघाली. तिथे दोन वर्षांच्या पुढच्या कुत्र्याच्या सांध्याची फिल्म तपासून दाखला देतात, आणि जाणते लोक तो पाहून जोड लावतात. मला हे समजायला वेळ लागला. पोराच्या बापाला क्षणात समजले. तो म्हणाला, "म्हंजे संत्र्याच्या कलमावानी!" अगदी बरोबर. शेंदूरजना घाटच्या रोपवाटिकेतून कलमे आणली, तर ती चांगली की वाईट हे झाड पाच-सहा वर्षांनी फळावर आल्यावर कळते. तेव्हा खुंट जंबेरीचा होता की कशाचा, डोळा कुठल्या झाडाचा होता, हे विचारून काय उपयोग? तोवर पाणी, खत, घाम सारे त्या झाडाला देऊन झालेले असते. म्हणून शहाणा बागाइतदार कलम घेण्याआधी मातृवृक्ष पाहून येतो.

येथवर आम्ही प्रश्न विचारीत होतो. आता बाईंची पाळी आली. दुपारी घरी कोण असते? बागेत फवारणी करता तेव्हा औषधाचे डबे कुठे ठेवता? विहिरीला कठडा आहे का? लग्नाकार्याला सगळे गावाला गेलात तर याला भाकर कोण घालील? मे महिन्यात दुपारी याला घरात घ्याल की बाहेर बांधाल? हा शेवटचा प्रश्न आमच्या मुलखात फार मोलाचा. अकोला-अमरावतीला उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या घरात जातो. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. ते जीभ बाहेर काढून धापा टाकते आणि तेवढ्यावर अंग थंड ठेवते. लॅब्राडोरला थंडीसाठी दुहेरी केस असतात. पगचे नाक चेपलेले असल्यामुळे त्याला ते धापणेही नीट जमत नाही. 2003 साली एका मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत एका पोराच्या मागे धावणारा पग देशभर लाडका झाला आणि घरोघरी पग आले. जाहिरात गेली, पग मात्र आमच्या वैशाखात धापा टाकीत राहिले. आता तर बर्फात गाड्या ओढणारे हस्कीही वऱ्हाडात दिसू लागले आहेत. ज्याला पैदासच विकायची आहे तो हे सांगणार नाही. बाईंनी तर आम्हांला चक्क दुसरीकडे वळवून पाहिले. राखणीला कुत्रे हवे असेल तर देशी घ्या, म्हणाल्या. लातूर-सोलापूरकडचे कारवानी, पश्मी पाहा, मुधोळचे पाहा.

त्यांचे म्हणणे विचार करण्याजोगे होते. मुधोळच्या राजे मालोजीराव घोरपड्यांनी आपल्या मुलखातल्या या शिकारी कुत्र्यांची निगुतीने जोपासना केली आणि पंचम जॉर्ज बादशहाला त्यांची जोडी नजर केली. त्यांचे चित्र 2005 साली आपल्या टपाल तिकिटावर आले, मुधोळजवळ तिम्मापूरला कर्नाटकात त्यांच्यासाठी सरकारी संशोधन केंद्र आहे, आणि लष्करानेही त्यांना शिकवून पाहिले आहे. परंतु ही धावणारी कुत्री. त्यांना मोकळे रान हवे. आणि आपल्या मातीतले असले तरी त्याचाही आई-बाप पाहिल्यावाचून घेऊ नये, हा कायदा त्यांनाही लागूच. पोराने सगळे ऐकून घेतले आणि आपला गुडघा न हलवता म्हटले, "मले इचंच पिल्लू पाह्यजे."

बापाचा धीर सुटला. "बाई, मी पैसे देऊन रायलो, अन् इचारपूस तुमीच करता!" बाई शांतपणे म्हणाल्या, "पैसे तं कोनीही देते, भाऊ. मले घर पाह्यजे." आणि मग त्यांनी आपली अट सांगितली. पुढेमागे सांभाळणे जमले नाही, तर पिल्लू कुणाला देऊन टाकायचे नाही, रस्त्यावर सोडायचे नाही. ते केव्हाही, कितीही मोठे झाले तरी, त्यांच्याच दारी परत आणायचे. त्यांनी वहीत नाव लिहून घेतले आणि आम्ही रिकाम्या हातांनी परत आलो. एसटीत बाप बराच वेळ बोलला नाही. अंजनगाव मागे पडल्यावर म्हणाला, "पोरीच्या सोयरिकीले मी याच्याहून कमी इचारलं होतं."

त्या बाईंचा दर ऐकून पुष्कळांना नवल वाटेल. दलालाच्या भावाच्या तो दुपटीहून अधिक आहे. परंतु शेरूच्या किमतीत सलाइनचे, औषधांचे, गाडीभाड्याचे पैसे मिळवले, तर बेरीज जवळजवळ तेवढीच होते, आणि हाती काही उरत नाही. शिवाय ही गोष्ट एका घरापुरती राहत नाही. आमच्या गावातून उत्तरेला पाहिले की मेळघाटाचे डोंगर दिसतात. व्याघ्रप्रकल्पाच्या देशातल्या पहिल्या नऊ जंगलांपैकी ते एक. 2018 साली गीरच्या जंगलात वीसहून अधिक सिंह दगावले आणि त्यांच्यात कुत्र्यांच्या डिस्टेंपर रोगाचा विषाणू सापडला. लस न टोचलेले पिल्लू टोपलीतून या गावचे त्या गावी फिरते, तेव्हा त्याच्याबरोबर काय काय फिरते याचा हिशेब कुणी ठेवत नाही. आमच्याकडे बहिरमची यात्रा भरते. बहिरम म्हणजे भैरव, आणि भैरवाचे वाहन कुत्रा. देवाच्या पायाशी ज्याला आपण जागा दिली, त्याच्या आईला पिंजऱ्यात वर्षाला दोनदा वीत ठेवायचे आणि लेकराला अकरा दिवस आधी टोपलीत घालायचे, हे आपल्या रीतीत बसत नाही. असल्या टोपलीला पैसे देणारे थांबले, तर टोपली भरणारेही थांबतील. दया येऊन टोपलीतले एक पिल्लू सोडवून आणावे असे वाटते खरे. पण त्या रिकाम्या जागेत दुसऱ्या दिवशी दुसरे येऊन बसते.

यंदा पोळ्याच्या दिवशी बाईंचा फोन आला. सात पिल्ले झाली, आई सुखरूप. पोराने लगेच पंचांग काढले. पोळ्याची अमावस्या ते दिवाळीची अमावस्या म्हणजे दोन चांद्रमास, एकोणसाठ दिवस. आठ आठवड्यांचे छप्पन्न दिवस लक्ष्मीपूजनाच्या आधीच भरतात! त्याने आनंदाने उडीच मारली. पण बाईंनी सांगितले, दिवाळीच्या आठवड्यात पिल्लू कुणाच्याही हाती द्यायचे नाही. आईपासून तुटलेले लेकरू, नवे घर, आणि त्यात फटाक्यांचे बार. ती धास्ती त्याच्या मनातून जन्मभर जात नाही. भाऊबीज होऊ द्या, आवाज थांबू द्या, मग या. येताना घरातले एक जुने फडके घेऊन या. ते आईच्या अंगावरून फिरवून देते, म्हणजे रात्री पिल्लू रडणार नाही.

पोरगा आता रोज पाटीवर एकेक रेघ मारतो आहे. त्याने यंदा फटाके घेतले नाहीत. त्या पैशांतून पितळी भांडे आणून ठेवले आहे. नाव अजून ठरलेले नाही. वर्गात पुन्हा दोन तट पडले आहेत, आणि या वेळी मतदान घ्यायचे की नाही हे पिल्लू आल्यावर त्याचे तोंड पाहून ठरवायचे, असे सर्वानुमते ठरले आहे.